निळ्या-हिरव्या शेवाळ्याला लोखंड कळते कसे?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड.; भाषा शिकवतो. गेल्या पावसाळ्यात विज्ञानाचे सर रजेवर असताना आठवीचा एक तास माझ्याकडे आला. पाण्याच्या टाकीकडेचे निळसर-हिरवे, बुळबुळीत शेवाळे दाखवून मी म्हणालो, "यालाही लोह लागते, आणि ते हवे तेवढेच घेते." मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, त्याला जीभ नाही, मेंदू नाही. पुरे झालं हे त्याला कळतं कसं?" मला उत्तर येत नव्हते. "विषयाला धरून विचार," असे दरडावून मी तिला खाली बसवले. प्रश्न अगदी विषयाला धरून होता. ते कर्ज आज फेडतो.

हे खरे शेवाळे नव्हेच. हे सायनोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू आहेत. झाडांप्रमाणे तेही सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. त्या कामाच्या यंत्रांपैकी एकट्या 'फोटोसिस्टिम एक' मध्ये लोहाचे १२ अणू लागतात. लोह कमी पडले की यंत्रच उभे राहत नाही. पण जास्त झाले तरी धोका! पेशीत थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतच असते. मोकळे लोह त्याला भेटले की जहाल कण निर्माण होऊन पेशीचीच मोडतोड करतात.

गंमत अशी, की लोहाची टंचाई यांच्याच पूर्वजांनी ओढवून घेतली. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी त्यांनी सोडलेला प्राणवायू हवेत साठू लागला, आणि पाण्यात विरघळलेले लोह गंजून तळाशी बसत गेले.

आता उत्तर. पेशीत 'फर' नावाचे एक प्रथिन असते. लोह पुरेसे असले की त्याचा अणू फरला चिकटतो. मग फर जनुकांच्या धाग्यावर नेमक्या जागी जाऊन बसते. तेथून पुढे लोह आत ओढणाऱ्या पंपांची जनुके असतात. ती झाकली जातात, नवे पंप बनत नाहीत. लोह घटले की फर रिकामे होऊन धाग्यावरून सुटते आणि पंपांचे काम पुन्हा सुरू होते. मोजणारा वेगळा कोणी नाही. आत आलेले लोखंडच दाराला कडी लावते.

टंचाईत काटकसरही चालते. फेरेडॉक्सिन या लोहयुक्त प्रथिनाचे काम फ्लेव्होडॉक्सिन करते. त्याला लोह लागत नाही. तूप संपले की आपल्या घरी तेलावर भागवतात, तसेच. शिवाय फोटोसिस्टिमची तीन यंत्रे मध्ये घेऊन त्यांच्याभोवती १८ प्रथिनांचे कडे उभे राहते, म्हणजे थोड्या यंत्रांना जास्त उजेड मिळतो. हे कडे २००१ मध्ये संशोधकांना दिसले.

भाषण लिहून झाल्यावर त्या मुलीला आधी वाचून दाखवले. तिने लगेच विचारले, "मग मँगनीजकडे पण फरच बघतो का?" नाही. पाणी फोडून प्राणवायू काढणाऱ्या यंत्रात मँगनीजचे ४ अणू असतात, आणि त्याची चौकशी करायला पेशीच्या वेशीवर दुसरेच प्रथिन बसलेले असते. त्याविषयी पुढच्या मोकळ्या तासाला बोलायचे ठरले आहे.