देवाचा आवडता कोण?



“देवाचा सर्वांत आवडता कोण?” हा प्रश्न मुलांच्या तोंडून एकदां तरी येतोच. आपण सहज सांगतों, “देवाला सगळे सारखे.” उत्तर बरोबर आहे. पण तेंच मूल दिवसभर घरांत काय ऐकत असतें? “खोटें बोललास तर देव रागावेल.” “देवाची आपल्यावर कृपा, म्हणून आपल्याला कांहीं कमी नाहीं.” मूल सरळ बुद्धीचें असतें. ज्याच्या घरीं कमी आहे तो देवाचा नावडता, असें तें मनांत ठरवून टाकतें. पुढें तें स्वतः आजारी पडलें किंवा परीक्षेंत नापास झालें, कीं देव आपल्यावर रागावला असें समजून झुरतें. म्हणून या विषयाकडे आईबापांनीं दुर्लक्ष करूं नये.

आवडतें-नावडतें कोण ठरवितो, हें आपल्या जुन्या कहाण्यांनीं स्वच्छ दाखविलें आहे. श्रावणी सोमवारची शिवामुठीची कहाणी पाहा. राजाच्या चार सुनांपैकीं एक नावडती. तिच्या वांट्याला उष्टें अन्न, जाडेंभरडें वस्त्र आणि गुरांचा गोठा. परंतु तिनें वाहिलेली मूठभर धान्याची शिवामूठ देवाला पोंचते. ‘नावडती’ हें नांव तिला घरानें दिलें होतें, देवानें नव्हे. एवढा भेद सात-आठ वर्षांच्या मुलालाही समजतो.

मूल जरा मोठें झालें म्हणजे त्याला पंढरपूरची हकीकत सांगावी. चौदाव्या शतकांतील संत चोखामेळा यांची समाधि विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेवाच्या पायरीजवळ आहे. ज्यांचे अभंग वारकरी भक्तिभावानें गातात, ते स्वतः दाराबाहेरच राहिले. आणि अस्पृश्य मानलेल्या समाजाला तें दार पुढेंही शतकानुशतकें बंद होतें. साने गुरुजींनीं १ मे १९४७ रोजीं पंढरपुरांत उपोषण आरंभिलें, आणि त्याच्या अखेरीस मंदिर सर्वांना खुलें करण्याचा निर्णय झाला. येथें मूल विचारील, “देवाला सगळे सारखे, तर मग देवानें दार कां लावलें?” या प्रश्नाला बगल देऊं नये. सरळ सांगावें, “दार माणसांनीं लावलें होतें, म्हणून तें उघडण्याचें कामही माणसांनाच करावें लागलें.”

याहून अवघड प्रश्न पुढें येतो: “मग एकाला भरपूर आणि दुसऱ्याला थोडें, असें कां?” जगांत सर्वांना सारखें मिळत नाहीं, हें मुलापासून लपवूं नये. मात्र जास्त मिळणें ही लाडकेपणाची खूण नव्हे, तर वांटून देण्याची जबाबदारी आहे, हें त्याला आवर्जून सांगावें.

आणि केवळ सांगून थांबूं नये. पूजा झाल्यावर प्रसादाची वाटी मुलाच्या हातीं द्यावी. पाहुण्याला जेवढा प्रसाद, तेवढाच भांडीं घासणाऱ्या बाईला, तेवढाच दारावरच्या पहारेकऱ्याला. आणि ज्याच्याशीं कालच भांडण झालें, त्या शेजारच्या मुलालाही तेवढाच. वांटतांना हात कोठें आखडतो, हें मुलाला आपोआप कळेल. तो आखडणारा हात आपला असतो, देवाचा नसतो, एवढें त्या वेळीं हळूच सांगावें. पण तत्पूर्वीं आपण स्वतः त्या बाईला कोणत्या कपांतून चहा देतों, तें एकदां पाहावें. कारण मूल तेंही पाहत असतें.