मागच्या भिंतीवरचं शेवाळ

मंडळी, पावसाळ्यात मागची भिंत खरवडणारा म्हातारा मीच! उलथन्याने शेवाळाचा पापुद्रा काढतो, सावलीत वाळवतो, चुरून बोन्सायच्या ओल्या मातीवर भुरभुरतो. त्याला खरी मुळं नसतात, पाणी पानांनीच पितं. म्हणून रोज फवारा, शक्यतो पावसाच्या साठवलेल्या पाण्याचा. उन्हाळ्यात तपकिरी पडलं तरी फेकू नका. बँकेच्या भाषेत खातं बंद नसतं, निष्क्रिय असतं. पाणी पडलं की चालू! मी एकदा फेकलं, तर ही दोन दिवस बोलली नव्हती. आता ती नाही, तिचा कुंडीतला वड आहे.

कमिटीला विनंती, जिन्यावर ब्लिचिंग पावडर जरूर टाका, गेल्या वर्षी मीच तिथे आपटलोय. मागच्या भिंतीचा उत्तरेकडचा तुकडा तेवढा सोडा.