सातचा भोंगा आणि आईचा नंबर

आज सुरुवातीलाच एक काम देतो. घरातल्या किती जणांचे मोबाईल नंबर तुम्हाला पाठ आहेत? फोनकडे न बघता मनात म्हणून बघा.

मागच्या दिवाळीत गावी जाताना कडेगावच्या एसटी स्टँडवर माझा फोन बंद पडला. शेजारच्या काकांनी स्वतःचा फोन पुढे केला. म्हणाले, "घ्या, लावा घरी." आणि मी नुसताच उभा! आईचा नंबर आठवेना. आठवला तो आमच्या जुन्या लँडलाईनचा, जो बंद होऊन कैक वर्षं झाली. दिवसभर कोड लिहिणारा माणूस मी, पण आईचे दहा आकडे काही येईनात.

मग मोबाईलने माझा मेंदू गंजवला का? मी थोडं वाचून काढलं. उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

२०१७ मध्ये अमेरिकेत एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काही जणांचा फोन टेबलावर, काहींचा खिशात किंवा बॅगेत, काहींचा दुसऱ्या खोलीत. सगळे फोन सायलेंट. दुसऱ्या खोलीत फोन ठेवणाऱ्यांनी चाचण्या जास्त चांगल्या सोडवल्या. पण पुढे इतरांनी असे प्रयोग केले, तेव्हा निकाल दरवेळी तसाच आला नाही. म्हणजे "फोनने मेंदू सडतो" असं छातीठोक सांगणारे रील्स जरा जपूनच बघा.

एक गोष्ट मात्र पक्की आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले! आपले आजोबा पावकी-निमकी म्हणायचे, ते हेच. न बघता आठवायचं, चुकायचं, परत आठवायचं. आठवण्यानेच आठवण पक्की होते.

आता माझंच बघा. आईला मी हजार वेळा फोन लावला असेल, पण नंबर एकदाही आठवला नाही. 'आई' या नावावर बोट ठेवलं, झालं. तो नंबर मी विसरलो नव्हतो, कधी पाठच केला नव्हता. फोनने माझी आठवण नेली नाही, आठवायची वेळच येऊ दिली नाही.

दुसरा मुद्दा लक्षाचा. जिथे लक्ष नाही, ते डोक्यात राहणार कसं? आणि इथे मला कबूल केलं पाहिजे, नोटिफिकेशन पाठवणारा कोड मीही लिहिलाय. तुम्ही परत ॲप उघडावं, एवढंच त्याचं काम. एका बाजूला अख्खी टीम आणि दुसऱ्या बाजूला बारावीचं एक एकटं पोर. "मनावर ताबा ठेव" म्हणून कसं भागेल?

म्हणून मला आमच्याच कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव फार शहाणं वाटतं. कोरोनात ऑनलाईन शाळेसाठी पोरांच्या हातात फोन आले. शाळा उघडल्या, तरी फोन सुटेनात. मग गावाने बैठक घेतली आणि ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठला परत भोंगा. मधला दीड तास अभ्यास, वाचन, गप्पा. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी समजावत फिरले.

यातली खरी गंमत म्हणजे फोन सगळ्यांचाच बंद. ग्रुपवर कोणीच नाही, त्यामुळे आपलं काही सुटतंय असं वाटायचं कारणच नाही. आणि बापाच्या हातात फोन असताना पोराला "अभ्यास कर" म्हणायची सोयही राहत नाही!

तुमच्या फ्लॅटवर, हॉस्टेलवर भोंगा नसेल. पण रूममेट मिळून दीड तास ठरवू शकता, फोन दुसऱ्या खोलीत. वाचलेलं पुस्तक मिटून एकमेकांना सांगा. आणि काही अडलं, तर सर्च करण्याआधी मिनिटभर आठवून बघा. नाही आठवलं, तर करा की सर्च!

मी आईचा नंबर आता पाठ केलाय. दर रविवारी आकडे दाबूनच लावतो. पहिल्यांदा राँग नंबर लागला, पण आता लागत नाही.

हा भाग संपला की तुम्हीही एक नंबर असाच लावून बघा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!