फूटभर फळीवरची रेल्वे

भाऊ जोशी यांनी उभारलेलं कोथरूडचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून पुणेकरांना ठाऊक आहे. ते पाहून आलेलं मूल हट्ट धरतं, "आपणही घरी गाडी करू!" पण शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत ती बसवायची कुठे? १:८७ प्रमाणाच्या गाडीच्या रुळांतलं अंतर अवघं साडेसोळा मिलिमीटर. तरी तिला गोल फिरवायला तीन फुटांहून रुंद फळी लागते. म्हणजे एक पलंगच!

तेव्हा गोलाचा मोह सोडावा. भिंतीलगत फूटभर रुंद, सहा फूट लांब फळी पुरते. ॲलन राइट या इंग्रज छांदिष्टाची रचना घ्या. दोन सांधे, तीन सायडिंग. एकावर पाच डबे मावावेत, दोहोंवर तीन-तीन. दुसऱ्या टोकाला इंजिन आणि तीन डब्यांपुरतीच जागा. आता आठ डब्यांच्या चिठ्ठ्या टाका, पाच उचला आणि त्याच क्रमाने पाचांच्या सायडिंगवर गाडी जोडा. असे क्रम होतात ६,७२०!

फळी मात्र सुटी ठेवा. पाहुणे आले की कपाटावर जाईल. गोल फिरणारी गाडी चार दिवसांत कंटाळा आणते. शंटिंगचं हे कोडं आजोबा-नातवाला वर्षभर पुरेल.