परसातले पंचांग

श्रोतेहो, खामगावात आमच्या घरामागे लहानसे परस आहे. काळी माती, एका कडेला शेवगा, कोपऱ्यात भांडी घासायचा दगड आणि त्याचे पाणी पिणारी अळूची चार पाने. एवढ्याशा जागेत माझ्या अम्मीने आयुष्यभर भाजी पिकवली.

आमच्या घरात दोन पंचांगे चालत. एक चंद्राचे. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे, त्यामुळे दर वर्षी ते सुमारे अकरा दिवसांनी अलीकडे सरकते आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. 2000 साली रमजान डिसेंबरात होता; इफ्तारच्या ताटात परसातला मुळा, हिरवा कांदा, टमाटर असे. 2018 साली तो मे-जूनमध्ये आला. पारा 44 अंशांच्या आसपास, परसात नुसत्या भेगा, आणि भाजी म्हणून डब्यातल्या वाळवलेल्या गवारीच्या शेंगा. ईद कोणत्याही ऋतूत येऊ शकते. भेंडीला मात्र तिचीच वेळ लागते.

म्हणून अम्मीचे रोजे चंद्रावर आणि पेरणी नक्षत्रावर. शाळा तिने फारशी पाहिली नव्हती, पण मृग, आर्द्रा, पुनर्वसू तोंडपाठ. कुणाला याचे नवल वाटे. खरे तर यात नवल काहीच नाही. हिजरी तारखांनी शेतसारा वसूल करणे अवघड, कारण पीक चंद्रावर येत नाही. म्हणून दख्खनेत शुहूर सन रूढ झाला. त्याची नावे अरबी, पण वर्ष सुरू होते सूर्य मृग नक्षत्रात शिरला की. त्यामुळेच त्याला ‘मृगसाल’ही म्हणत. मराठेशाहीच्या कागदपत्रांत हा सन जागोजागी सापडतो.

ही अडचण फक्त आपल्याकडची नव्हती. स्पेनवर अरबांचे राज्य असताना कॉर्डोबा शहरात 961 च्या सुमारास शेतीचे एक पंचांग तयार झाले. भाषा अरबी, पण महिने सूर्याचे! तिकडचे हवामान आपल्या उलट. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तरी आपले वांगे तिथे पोचले आणि पाटाच्या पाण्यावर रुजले. संस्कृतातले ‘वातिंगण’ फारसीत ‘बादिंगान’ झाले, अरबीत ‘बादिंजान’ आणि स्पेनमध्ये ‘बेरेंहेना’. शब्द बदलत गेला, भाजी तीच राहिली.

आमच्याकडे कामाची वाटणी अशी असे. मृगाचा पाऊस झाला की भेंडी, गवार, चवळी, दोडके. वेलांना चढायला पऱ्हाट्यांचा मांडव. वांगी आणि मिरचीचे बी आधी गादीवाफ्यावर, कारण काळी माती पाणी धरून ठेवते आणि सपाट वाफ्यात कोवळी मुळे सडतात. महिनाभराने रोपे वरंब्यावर लावायची. हस्त नक्षत्र सरले, ऑक्टोबरचे ऊन जरा निवले की मेथी, पालक, सांभार, मुळा, फुलकोबी. आमच्या भागात भाजीचा खरा हंगाम दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा. मे महिन्यात माती खणून उघडी टाकायची. अम्मी म्हणायची, तिलाही रोजा असतो.

पण नक्षत्रावरही तिचा आंधळा विश्वास नव्हता. पेरण्याआधी ती वीतभर खणायची, खालची माती मुठीत दाबायची. गोळा झाला तर पेरणी. भुसभुशीत राहिली तर बी परत डबीत. “तारीख देखके नहीं, मिट्टी देखके बोना,” हे तिचे सांगणे.

ते मी विसरलो. 2023 साली अम्मी जाऊन दोन वर्षे झाली होती. तिच्या हातचे वांग्याचे बी, पांढऱ्या रेघांच्या हिरव्या वांग्याचे, राख घालून एका डबीत ठेवलेले होते. मृग लागला आणि वळवाची एक जोरदार सर आली. मला राहवले नाही. खणून पाहिले नाही, मूठ दाबली नाही, सगळे बी एकदम पेरून टाकले आणि दहा दिवसांसाठी मुलाकडे पुण्याला गेलो. त्या वर्षी मान्सून विदर्भात जूनच्या उत्तरार्धात पोचला. परत आलो तेव्हा वाफ्यावर सुतासारखी करपलेली रोपे होती. डबी उलटी केली. राखच पडली.

कवितेची वही हरवली असती तर मला इतके लागले नसते. वहीतले थोडेफार आठवून पुन्हा लिहिता येते. बी आठवून उगवत नाही.

चार दिवस कुणाला बोललो नाही. मग पलीकडच्या गल्लीतल्या मावशींनी सहज विचारले, “भाऊ, वांगे नाही लावले यंदा?” मी सांगितले. त्या हसल्या. “माह्यापाशी हाये न थे बी. तुमच्या अम्मीनंच देल्लं होतं.” आत गेल्या आणि कागदाच्या पुडीत चिमूटभर बी घेऊन आल्या. तेव्हा कळले, अम्मी दर वर्षी बी धरायची आणि त्यातले थोडे वाटायची. मी त्याला तिचा चांगुलपणा समजत होतो. चांगुलपणा होताच, पण साठवणही होती. घरची डबी रिकामी झाली तरी गल्लीत बी राहावे, अशी साठवण.

त्या वर्षी आर्द्रा अर्धे सरल्यावर, मूठ दाबून पाहूनच पेरले. पुढे ऑगस्टही कोरडा गेला. देशात 1901 पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. रोपांच्या बुडाशी पालापाचोळा पसरला, भांड्यांचे पाणी घातले. वांगी आली, उशिरा आली. पहिली चार मावशींकडे गेली.

श्रोतेहो, आता मृग वेळेवर येईलच असे नाही, आणि मार्चमध्ये गारपीट होणारच नाही असेही नाही. पंचांग भिंतीवर जरूर असू द्या. पण पेरण्याआधी वीतभर खणून पाहा. आणि बी कितीही थोडे असले तरी सगळे पेरू नका. थोडे डबीत ठेवा आणि चिमूटभर शेजारी द्या.