पहिल्या घंटेपूर्वीची बैठक



विदर्भ वगळता महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यास उघडतात. त्या सकाळी शाळेच्या दारावर तोरण असते, पहिलीच्या मुलांच्या हाती फूल दिले जाते, नव्या पुस्तकांचा वास वर्गभर पसरतो. काही गावांत तर बैलगाडीतून मिरवणूकही निघते. प्रवेशोत्सवाचे हे स्वरूप स्वागतार्हच आहे. शाळेत आपली कोणी वाट पाहत होते, असे मुलाला वाटणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तोरण दोन दिवसांत सुकते आणि वर्ष तर दहा महिन्यांचे असते. ते वर्ष कसे जाणार, याचा बराचसा निर्णय तोरण बांधण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी सहकाऱ्यांसमवेत घेतलेल्या बैठकीत होऊन गेलेला असतो. आजच्या भाषणाचा विषय ती बैठक हाच आहे.

या बैठकीत बहुधा काय घडते, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. यू-डायसची माहिती, आधार क्रमांकांची जुळणी, गणवेशाची मापे, पोषण आहाराच्या तांदळाचा साठा, व्यवस्थापन समितीची सभा, वार्षिक नियोजनाचा तक्ता. यांपैकी एकही काम अनावश्यक नाही. तांदळाची पोती वेळेवर मोजली नाहीत तर पहिल्याच दिवशी चूल थंड राहते. मात्र दोन तास अशा रीतीने सरतात, चहा येतो, सह्या होतात आणि सर्वजण उठतात. एवढ्या वेळात एकाही मुलाचे नाव उच्चारले गेलेले नसते. ज्या मुख्याध्यापकांना हे खटकले, त्यांनी एक साधा उपाय केलेला दिसतो. कागदपत्रांची सर्व कामे एका पानावर लिहून, प्रत्येकापुढे जबाबदार शिक्षकाचे नाव व तारीख घालून ते पान आदल्या दिवशीच हाती द्यावयाचे आणि बैठकीचा वेळ मुलांसाठी राखून ठेवावयाचा.

तयारीचा हा वेळ म्हणजे शिक्षकावर लादलेले जादा काम, अशी समजूत आढळते. ती कायद्याला धरून नाही. २००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालशिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत, आणि त्यांत अध्यापनाच्या तयारीचे तास अंतर्भूत आहेत. त्याच परिशिष्टाने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास एवढे अध्यापन आवश्यक मानले आहे. हे दिवस कागदावर सर्व मुलांना सारखेच मिळतात. प्रत्यक्षात तसे होत नाही, आणि या दोन तालुक्यांत ते का होत नाही, हे समजून घेतल्याशिवाय बैठकीची तयारी पुरी होत नाही.

जुन्नर आणि आंबेगाव यांचा नकाशा समोर ठेवावा. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा, नाणेघाट, आहुपे, धो धो पाऊस आणि भाताची खाचरे. मध्यभागी कुकडी, मीना, घोड या नद्यांवरील धरणे आणि त्यांच्या पाण्यावर पोसलेला ऊस, कांदा व टोमॅटो. नारायणगाव, ओतूर, मंचर यांसारख्या मोठ्या बाजारपेठा. पूर्वेकडे आणे पठार आणि लोणी-धामणीचा टापू, जेथे पावसाची वाट पाहण्यातच वर्षे गेली. (ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले, ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, हेही विस्थापित कुटुंबांतील मुलांना शिकविणाऱ्याने ध्यानात ठेवावे.) एवढ्याशा प्रदेशात तीन प्रकारचे ऋतुमान नांदते. सर्व मुले एकाच दिवशी शाळेत हजर होतील, हे गृहीत धरणे येथे चुकीचे ठरते.

पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी व ठाकर कुटुंबांचे उदाहरण घ्यावे. उन्हाळ्यात हिरडा गोळा करणे, राब भाजणे. पाऊस पडला की रोपे टाकणे. आणि जुलैत आवणी. आवणीच्या दिवसांत घरातील प्रत्येक हात खाचरात असतो. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहतात. काही कुटुंबे उन्हाळ्यात मजुरीसाठी पूर्वेकडे उतरलेली असतात, ती परतली तरी मुलांचे शाळेत येणे लांबते. म्हणजे जून-जुलैचे पहिले पाच-सहा आठवडे, जेव्हा नव्या इयत्तेचा पाया घातला जातो, तेव्हा वर्गातील काही जागा रिकाम्या असतात. नंतर ती मुले येतात. तोवर दुसरा धडा संपलेला असतो, बाकांची वाटणी झालेली असते, मैत्र्या जुळलेल्या असतात. शेवटच्या बाकावर बसलेल्या त्या मुलीला कोणी रागावत नाही. तिच्याकडे कोणाचे लक्षच नसते. पुढे पाचवी-सहावीत तिची शाळा सुटते तेव्हा कारण म्हणून घरची परिस्थिती लिहिली जाते. परिस्थिती खरी असतेच, पण आरंभ त्या जुलैत झालेला असतो.

बैठकीत मुख्याध्यापकांनी पहिला प्रश्न विचारावा तो हाच : कोणती मुले उशिरा येणार आहेत? गेल्या वर्षीचा हजेरीपट उघडला की त्याचे उत्तर पानावरच सापडते. जून-जुलैतील रिकामे रकाने वर्षानुवर्षे बहुधा त्याच घरांचे असतात. ती नावे काढून प्रत्येकासाठी तीन गोष्टी ठरवाव्यात. मूल आल्याच्या दिवशी त्याच्यासोबत बसणारा सोबती कोण, पहिल्या आठवड्यात त्याला रोज अर्धा तास कोणता शिक्षक देणार, आणि त्याची पुस्तके व गणवेश कोठे राखून ठेवले आहेत. शेवटची बाब क्षुल्लक वाटेल. परंतु सर्वांना नवी पुस्तके मिळाली आणि आपल्यापुरती ती संपली, हे ऐकण्यासारखे दुसरे अपमानास्पद स्वागत नाही.

पश्चिमेकडील शाळांच्या बैठकीत पावसाचा विषयही शिष्टाचार म्हणून नव्हे तर गांभीर्याने यावयास हवा. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. कोणत्या वाडीचा ओढा कोणत्या पावसात अडतो, त्या दिवशी मुलांना कोठे थांबवावयाचे, कोणाला निरोप धाडावयाचा, हे नव्याने बदलून आलेल्या शिक्षकाला पहिल्या पावसापूर्वी ठाऊक असले पाहिजे. मधल्या पट्ट्यात हाच प्रश्न बिबट्याच्या रूपाने येतो. जुन्नर वनविभागात बिबट्या उसाच्या फडात राहतो, आणि मुलांची वाट त्याच फडाच्या बांधावरून जाते. कोणते मूल कोणत्या वाटेने, कोणाबरोबर घरी जाते, याची यादी वर्गशिक्षकाजवळ हवी.

आता आश्रमशाळांकडे वळावे. घोडेगाव येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यक्षेत्रात त्या पश्चिम पट्ट्यात विखुरलेल्या आहेत. तेथे वर्षाचा आरंभ पहिल्या तासाने होत नाही, पहिल्या रात्रीने होतो. सहा-सात वर्षांचे मूल आईवडिलांना पाठमोरे पाहते, अंधार पडतो, बाहेर पाऊस कोसळत असतो. त्या रात्री त्याच्याजवळ कोण आहे, यावर ते मूल टिकणार की पहिल्या आठवड्यात डोंगर तुडवीत घरी पळणार, हे बव्हंशी ठरते. म्हणून आश्रमशाळेच्या बैठकीस केवळ शिक्षक पुरेसे नाहीत. अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी, कामाठी, सर्वांनी एकत्र बसावे. त्याच वाडीतील मोठ्या इयत्तेचा विद्यार्थी लहानग्याच्या शेजारी झोपेल, दिवा कोठे जळता राहील, पालकांशी बोलणे कोणत्या दिवशी करून दिले जाईल, हे ठरवावे. पाठ्यक्रम चार दिवसांनी सुरू झाला तरी बिघडत नाही.

मुख्याध्यापक हा शब्द उच्चारताच स्वतंत्र दालन, टेबल व घंटी डोळ्यांपुढे येते. वाड्यावस्त्यांवरील शाळांत असे काही नसते. कायद्याप्रमाणे साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक, आणि स्वतंत्र मुख्याध्यापक दीडशेहून अधिक पट असेल तरच. म्हणजे येथे दोघांपैकी जो ज्येष्ठ, तोच प्रभारी मुख्याध्यापक. त्याच्या हातावर खडूची धूळ असते आणि तो दोन-तीन इयत्ता शिकवीत असतो. त्याने बैठक कोणाची घ्यावयाची? ही अडचण जुनी आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र जे. पी. नाईक होते, जवळपासच्या शाळांनी एकत्र येऊन शाला संकुल करावे असे सुचविले होते. पुढे महाराष्ट्रात केंद्रशाळा व केंद्रप्रमुख ही व्यवस्था आली आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संकुलाची कल्पना पुन्हा पुढे आणली. दोनशिक्षकी शाळांनी वर्षारंभाची बैठक केंद्रात, चार-पाच शाळांनी मिळून घेतली तर एकाकीपण तरी सरते. मात्र केंद्राची परिषद म्हणजे परिपत्रकांचे वाचन, असे स्वरूप आले की त्या एकत्र येण्याचा उपयोग उरत नाही.

अशा बैठकीत सर्वांत फलदायी काम कोणते, असे विचारले तर उत्तर एकच द्यावे लागेल : मुलांचे हस्तांतरण. मागील इयत्तेच्या शिक्षकाने पुढील शिक्षकाला प्रत्येक मुलाविषयी दोन मिनिटे सांगावे. तो काय वाचू शकतो, कोठे अडखळतो, बेरजेत हातचा विसरतो का, घरी कोण आहे, कशाने खुलतो, कशाने गप्प होतो. तीस मुलांना एक तास लागतो. निकालपत्रकातील श्रेणी हे सांगू शकत नाही. एक पथ्य मात्र पाळावे. हा मुलगा ढ आहे, ही आळशी आहे, असे निवाडे या तासात उच्चारू नयेत. नाही तर जुन्या शिक्षकाचा कंटाळा नव्या शिक्षकाच्या पदरात पडतो आणि मुलाचे वर्ष सुरू होण्यापूर्वीच संपते. मुख्याध्यापकांनी येथे कमी बोलावे व अखेरीस बोलावे.

आणि जेथे जुना शिक्षकच बदलून गेला असेल तेथे? जिल्हांतर्गत बदल्या होतात, परजिल्ह्यातून नवे शिक्षक येतात. नव्या शिक्षकाला वाडीची बोली परकी वाटते आणि वाडीतल्या मुलांना त्याचे पुस्तकी मराठी परके वाटते. मूल उत्तर देत नाही, म्हणजे त्याला येत नाही, असा समज पहिल्याच आठवड्यात होऊन बसतो. यावर बैठकीतील व्याख्यान चालत नाही. मुख्याध्यापकांनी त्या शिक्षकाला शाळा उघडण्यापूर्वी एक दिवस अंगणवाडी सेविकेसमवेत वाडीत फिरवून आणावे, घरोघर बसवावे, पाणी प्यावयास लावावे. २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होत आले आणि त्यांतून माता गट उभे राहिले. त्या मातांपैकी दोघींना वर्षारंभाच्या बैठकीस बोलाविण्यास कोणत्याही परिपत्रकाची आडकाठी नाही.

मुलांच्या वेळापत्रकाप्रमाणे शाळेने वाकावे, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाडच्या आदिवासी वस्तीत काम करताना पाहिले की गुरे वळणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत. त्यांनी मुले चुकार आहेत असे म्हटले नाही. शिक्षिका कुरणावर गेल्या, आणि कुरणशाळा जन्मास आली. त्यासाठी आधी शिक्षिकांच्या मनाची तयारी करावी लागली असणार, हे उघड आहे.

कुरणशाळेची ही आठवण पूर्वेकडील गावांना विशेष लागू पडते, कारण तेथे शाळेचे वर्ष एकदा नव्हे, दोनदा सुरू होते. दिवाळी सरते, विघ्नहर व भीमाशंकर या साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि मराठवाडा, खानदेशाकडून ऊसतोडणी कामगारांच्या गाड्या येतात. फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. त्यांत शाळेच्या वयाची मुले असतात. त्यांच्याजवळ दाखला नसतो, अनेकदा जन्माचा पुरावा नसतो. कायदा याबाबत स्पष्ट आहे. वयाचा पुरावा नाही किंवा दाखल्यास विलंब झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशाची मुदत उलटली तरी नाकारता येत नाही. उलट दाखला देण्यास विलंब लावणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यावे, हेही त्यातच आहे.

परंतु कायद्याने उघडलेल्या दारातून आत आलेले मूल बसणार कोठे? वर्गात जूनपासूनची घडी बसलेली असते, सहामाही परीक्षा झालेली असते, आणि शिक्षकाच्या मनात, कितीही सज्जन असला तरी, एक विचार येतोच की हे मूल मार्चमध्ये निघून जाणार. हा विचार दडपून ठेवण्यापेक्षा मुख्याध्यापकांनी तो जूनच्या बैठकीतच उघडपणे मांडावा. चार-पाच महिने हाही शिक्षणाचा काळ आहे. तेवढ्या काळात मूल वाचावयास शिकू शकते. म्हणून दिवाळीच्या सुटीनंतरच्या पहिल्या शनिवारी दुसरी बैठक घ्यावी आणि तिची तारीख जूनमध्येच ठरवून ठेवावी. तिच्यासाठी तयारी फारशी लागत नाही. कोणत्या फडावर किती कोप्या पडल्या, याची चौकशी आदल्या आठवड्यात दोन शिक्षकांनी सायंकाळी, मजूर फडावरून परतल्यावर, चालत जाऊन करावी. हजेरीपटाच्या शेवटी पाच-सहा ओळी जूनपासूनच कोऱ्या सोडाव्यात, म्हणजे त्या मुलांची नावे वेगळ्या कागदावर न जाता इतरांच्या खालोखाल त्याच पानावर लिहिली जातील. आणि मार्चमध्ये ती गाडी परत निघेल त्याच्या आदल्या दिवशी, मूल काय शिकले हे लिहिलेला कागद त्याच्या आईच्या हाती द्यावा. त्याच्या गावच्या मुख्याध्यापकांची पुढील जूनची बैठक त्या कागदावरून सुरू होऊ शकेल.