गाण्याच्या ठेक्याबरोबर मंदावणारे दिवे

मोटारगाडीत वीज निर्माण करणारे यंत्र एकच असते. त्या विजेची गिऱ्हाइके मात्र अनेक असतात. पुढचे दिवे, काच पुसणारे वायपर, हवा खेळविणारा पंखा, इंजिनातील ठिणगी आणि गाणी वाजविणारे यंत्र ही सारी एकाच पंक्तीला बसतात. पंक्तीतील एकानेच सारे वरण ओढून घेतले, तर बाकीच्यांच्या पानांतला भात कोरडा राहावयाचाच. डिकीत मोठा ॲम्प्लिफायर आणि सबवूफर बसविलेल्या गाडीत नेमके हेच घडते. ढोलाचा ठेका पडला की पुढचे दिवे मंदावतात, ठेका ओसरला की पुन्हा उजळतात. पुष्कळांना ही एक गंमत वाटते. काहींना तर आपल्या यंत्राच्या ताकदीचे ते प्रशस्तिपत्रकच वाटते. वस्तुतः गाडीची वीज अपुरी पडत असल्याची ती सूचना असते.

ही सूचना किती गंभीर आहे, हे आकड्यांवरून ध्यानी येईल. इंजिन चालू असता गाडीतील विजेचा दाब साधारणतः १४ व्होल्ट असतो. तो १२ व्होल्टवर आला, तर घट सुमारे १४ टक्क्यांची झाली. परंतु हॅलोजन दिव्याचा उजेड दाबाच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून कितीतरी वेगाने उतरतो. एवढ्या घटीने उजेड जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्या चोर्ला घाटात, आषाढातील पावसात आणि धुक्यात, वळणावर उभे असलेले जनावर अथवा पायी चालणारा माणूस दिसण्यास तेवढे अंतर निर्णायक ठरते. ज्या क्षणी डोळ्यांना उजेड हवा, त्याच क्षणी तो गाण्याने पळवावा, हा सौदा महागात पडणारा आहे.

आता कारण पाहू. ॲम्प्लिफायर १००० वॉटचा असून त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तरी पूर्ण जोराच्या ठेक्याला त्यास सुमारे ९० अँपिअर प्रवाह लागतो. लहान मोटारीच्या अल्टरनेटरची एकूण क्षमताच बहुधा ७० ते ९० अँपिअर असते, आणि तीही इंजिन वेगात फिरत असताना. गाडी सिग्नलपाशी उभी असता त्यातून फार कमी प्रवाह मिळतो. पावसाळी रात्री दिवे, वायपर, पंखा आणि खुद्द इंजिन यांचाच खर्च ३०-४० अँपिअरच्या घरात जाऊ शकतो. शिवाय एकाएकी वाढलेल्या मागणीला अल्टरनेटर तत्क्षणी पुरा पडत नाही. मधली तूट बॅटरी भरून काढते. बॅटरीचा स्वतःचा दाब मात्र पूर्ण भरलेली असतानाही १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. म्हणून प्रत्येक ठेक्याला दाब चौदाकडून बाराकडे घसरतो आणि दिवे त्याची साक्ष देतात.

या दुखण्यावर बाजारात दोन औषधे हमखास सुचविली जातात. पहिले म्हणजे अधिक वॉटचे बल्ब. हे औषध रोगाहून वाईट. त्याने विजेवरचा भार वाढतो, होल्डर आणि वायर तापतात व समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. दुसरे औषध म्हणजे कपॅसिटर. एक फॅरडचा कपॅसिटर १४ व्होल्टवरून १२ व्होल्टवर येईपर्यंत अवघी २६ जूल ऊर्जा देतो. १००० वॉटच्या मागणीला ती सेकंदाचा जेमतेम चाळिसावा भाग पुरते. ढोलाचा एक ठेका त्याहून लांब असतो. क्षणमात्र लुकलुकणे त्याने सौम्य होईल. परंतु कपॅसिटर वीज निर्माण करीत नाही. त्याने घेतलेले कर्ज शेवटी अल्टरनेटरलाच फेडावे लागते.

खरा उपाय मोजमापापासून सुरू होतो. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, मल्टिमीटरने बॅटरीच्या टर्मिनलांवरील दाब पाहावा. मग गाणे मोठ्याने लावून तो किती उतरतो हे टिपावे. त्यानंतर मीटरची एक तार अल्टरनेटरच्या मुख्य खिळ्यावर व दुसरी बॅटरीच्या धन टर्मिनलवर धरावी. भार असतानाही हा फरक पाव व्होल्टच्या आत असावा. इंजिनाचा धातू आणि ऋण टर्मिनल यांमधील फरक याहूनही कमी हवा. फरक अधिक आढळला, तर दोष वाटेत आहे असे समजावे. हे काम करताना फिरता पट्टा व पंखा यांपासून हात आणि कपडे दूर ठेवावेत, हे सांगणे नलगे.

वाटेतील दोष बहुधा स्वस्तात दूर होतो. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत टर्मिनलांवर आणि बॉडीच्या अर्थवर गंज लवकर चढतो. तो खरवडून जोड घट्ट केले तरी पुष्कळ काम होते. त्यानंतर तीन जाड केबली महत्त्वाच्या : अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी. येथे एक घोटाळा नेहमी होतो. केवळ ॲम्प्लिफायरकडे जाणारी वायर जाड केल्याने ॲम्प्लिफायरचे भले होते, दिव्यांचे नव्हे. दिव्यांचे दैन्य दोघांच्या सामाईक वाटेवर असते. ॲम्प्लिफायरच्या धन वायरवर मात्र बॅटरीच्या अगदी जवळ योग्य क्षमतेचा फ्यूज हवाच. तो नसता वायर कोठे घासून बॉडीला लागली, तर गाडी पेट घेऊ शकते.

वाट साफ असूनही दाब उतरत असेल, तर बॅटरी तपासून घ्यावी. हैदराबाद, इंदूर येथील उन्हाळ्यात बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. बॅटरीही ठणठणीत निघाली, तर मोठा अल्टरनेटर हा शेवटचा आणि खर्चाचा उपाय उरतो. दुसरी बॅटरी जोडल्याने साठा वाढतो, उत्पन्न वाढत नाही.

नव्या गाड्यांबाबत थोडे सावध राहावे. पुष्कळ गाड्यांत ऋण टर्मिनलवर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. अशा ठिकाणी जादा अर्थ थेट टर्मिनलला न जोडता बॉडीला जोडावी, नाहीतर गाडीचा हिशेब चुकतो. काही गाड्यांत इंधन वाचविण्यासाठी दाब मुद्दाम कमी-अधिक केला जातो. तेथे मीटरवरील प्रत्येक चढउतार दोष नव्हे. एलईडी दिव्यांत प्रवाह स्थिर ठेवणारी योजना असल्यामुळे ते बहुधा मंदावतच नाहीत. परंतु दिवे शांत राहिले म्हणून तूट नाहीशी होत नाही. ती फक्त दिसेनाशी होते, आणि एके सकाळी बॅटरी उतरलेली सापडते.

या साऱ्या उपायांत एक उपाय बिनखर्चाचा आहे, म्हणूनच तो सहसा कोणी करीत नाही. ॲम्प्लिफायरमधून निघणारी शक्ती निम्म्यावर आणली, तर आवाज केवळ ३ डेसिबलने उतरतो. कानाला हा फरक जेमतेम जाणवतो. अल्टरनेटरच्या डोक्यावरचा मोठा बोजा मात्र त्याने हलका होतो. उलट आवाज दुप्पट भासावा अशी हौस असेल, तर सुमारे दहापट शक्ती खर्चावी लागते. कानाच्या थोड्याशा सुखासाठी विजेची केवढी उधळपट्टी होते, हे यावरून दिसून येईल.

काम पुरे झाल्यावर त्याची परीक्षा सोपी आहे. अंधार पडल्यावर गाडी मोकळ्या जागी एखाद्या भिंतीसमोर उभी करावी, इंजिन मंद गतीवर ठेवावे, दिवे लावावेत आणि नेहमीचे सर्वांत दणदणीत गाणे नेहमीच्याच आवाजात लावावे. भिंतीवरील उजेड ठेक्याबरोबर हलला नाही, तर त्या गाडीने खुशाल घाट उतरावा. हलला, तर उजेड स्थिर होईपर्यंत आवाज कमी करावा आणि त्या ठिकाणी खूण करून ठेवावी. दुरुस्ती होईपर्यंत रात्रीच्या प्रवासात आवाज त्या खुणेच्या वर नेऊ नये.